नाक्यावर हात दाखवला तर: शिट्टीपासून पावतीपर्यंत

आमच्या तालुक्याच्या ऐतवारी बाजाराला यायला तीन डांबरी रस्ते आहेत आणि एक पांदण. नाकाबंदी लागली की पांदणीवरची वर्दळ अचानक वाढते. निंबाच्या झाडाखाली खाकी दिसली रे दिसली की मोटारसायकल जागीच वळते आणि तुरीच्या शेतातून उडत जाते. मागच्या पावसाळ्यात असाच एक जण काळ्या मातीत अर्ध्या चाकापर्यंत रुतला. मागे बायको, हँडलला वांग्याची पिशवी. त्याच्याजवळ लायसन होतं, विमा होता, सगळं होतं. ‘मंग काहून पळाला बापा?’ असं विचारलं तर म्हणे, ‘पोलीस दिसले म्हून.’

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. नाक्यावर जे घडतं त्याचा उरलेला भाग माझ्या काउंटरवर येतो: चालानचा मेसेज, अडकवलेलं लायसन, ठाण्यात उभी गाडी. इतक्या लोकांचं ऐकून एक गोष्ट पक्की झाली आहे. रस्त्यावर उभं राहून भांडण जिंकता येत नाही, पण कागद मिळवता येतो. हातात कागद असला तर दुसऱ्या दिवशी अर्ज करता येतो, कोर्टात उभं राहता येतं. ज्याच्याजवळ कागद नाही तो नुसता सांगत बसतो.

घरून निघतानाच

चार कागद लागतात: लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी. मालवाहू किंवा प्रवासी गाडी असेल तर फिटनेस आणि परमिटही. मूळ कागद डिक्कीत ठेवून भिजवायची आता गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत मूळ कागदाइतकीच चालते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्ये तसं लिहून ठेवलं आहे. मात्र गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात रेंज नसते, तिथं ॲप फिरत राहतं आणि पोलीस तोंडाकडे पाहत राहतो. म्हणून ॲपमधून कागद आधीच उतरवून ठेवा आणि एक झेरॉक्स संच सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या. याच नियमानुसार, कागद जवळ नसला तर 15 दिवसांत त्याची प्रत सादर करता येते. हे पोलिसाला शांतपणे सांगता येतं, ओरडून नाही.

सगळ्यात जास्त लोक विम्यात अडकतात. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेतली की पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. घेणारा निर्धास्त होतो, आणि पाच वर्षं कधी सरली ते त्याला नाक्यावर कळतं. आजच पॉलिसी काढा आणि शेवटची तारीख पाहा. विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 खाली पहिल्यांदा 2,000 रुपये आणि पुन्हा सापडलात तर 4,000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. पण खरी भीती दंडाची नाही. विमा नसताना धडक झाली तर नुकसानभरपाई तुमच्या वावरातून जाते. पीयूसीचं म्हणाल तर नवी गाडी पहिलं वर्ष सुटते, पुढे वेळच्या वेळी काढत राहायची. पेट्रोल पंपाजवळच्या व्हॅनमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पोराला गाडी देऊ नका. ‘फवारणीचा पंप घेऊन ये’ म्हणून सोळा वर्षांच्या पोराला गिअरची गाडी देणं आपल्याकडे कोणालाच गैर वाटत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 199अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. ज्या घरी पोलीसभरतीची तयारी चालू आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

हात दाखवला, आता काय

थांबा. एवढंच. वळू नका, वेग वाढवू नका, दोन बॅरिकेडच्या मधून कट मारू नका. आरसा पाहा, डावा इंडिकेटर द्या आणि रस्ता सोडून कडेला या. कापसाच्या हंगामात मागून फुगलेली ट्रॉली येत असते, तिच्या ड्रायव्हरला बाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे पुलावर किंवा वळणावर थांबवलं तर ‘साहेब, पुढे घेतो’ अशी हाताने खूण करून चार पावलं पुढे मोकळ्या जागी उभे राहा.

गाडी बंद करा. दुचाकीवरून उतरा आणि तोंडाचा दुपट्टा काढा. उन्हाळ्यात आपण सगळेच डोळे सोडून बाकी गुंडाळलेलं असतो, पण समोरच्याला तो चेहरा लपवल्यासारखा दिसतो. चारचाकीत असाल तर बसूनच राहा, काच खाली घ्या आणि हात स्टिअरिंगवर ठेवा.

रात्री हेडलाइट डिप करा आणि आतला दिवा लावा. गडचिरोली, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात नाक्यावर बंदूकधारी जवान असतात. तिथं लांबूनच वेग कमी करा, सांगितल्याशिवाय उतरू नका, सीटखाली झटकन हात घालू नका. काही काढायचं असेल तर आधी सांगा, ‘डॅशबोर्डमधून कागद काढतो.’

एकटी बाई रात्री गाडी चालवत असेल आणि सुनसान रस्त्यावर एकटाच माणूस टॉर्च मारत असेल, ना गाडी, ना बॅरिकेड, ना धड गणवेश, तर दारं लॉक ठेवून 112 लावावा आणि इथं तपासणी आहे का ते विचारावं. दिव्यांखाली, बॅरिकेड लावून चाललेल्या नाकाबंदीत मात्र जागीच थांबायचं.

थांबवलं कोणी

खाकी म्हणजे सगळे एकच, असा आपला समज आहे. रस्त्यावर जिल्ह्याचे वाहतूक पोलीस असतात, ठाण्याचे पोलीस असतात, आरटीओचं वायुवेग पथक असतं, दारूसाठी राज्य उत्पादन शुल्कवाले आणि रेतीसाठी महसूलचे तलाठी, मंडळ अधिकारी. कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं. साध्या कपड्यांत कोणी कागद मागत असेल तर ‘साहेब, आपलं ओळखपत्र?’ असं विचारायला हरकत नाही. गणवेशावरची नावाची पट्टी मनात वाचून ठेवा. लगेच वहीत लिहायला काढलं की वातावरण तापतं.

बोलायचं कसं

पहिली दोन वाक्यं सगळं ठरवतात. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा भांडणांपैकी नऊ चालानवरून सुरूच झालेली नसतात, ती ‘ए, थांब’ आणि ‘ए कोणाले म्हणता’ इथून सुरू होतात. समोरचा एकेरीवर आला तरी तुम्ही साहेबच म्हणा. यात कमीपणा नाही, वेळ वाचतो.

‘कुठं चाल्ले भाऊ?’
‘पुलगावले, साहेब. सोयाबीनचे पैसे आणाले.’
‘कागदं?’
‘हाव, मोबाइलमंधी हायेत, दाखवतो. काही चुकलं का साहेब माह्यं?’

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. कशासाठी थांबवलं ते कळलं पाहिजे आणि तेच पुढे चालानवर लिहिलं गेलं पाहिजे. हेल्मेटसाठी थांबवलं आणि मशीनवर दुसरंच कलम पडलं, असं घडू नये. चूक असेल तर ‘चुकलं’ म्हणा. बीपी, पोरगी दवाखान्यात, सासरा वारला, ही कारणं त्यांनी सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेली असतात. खरोखर दवाखान्यात जात असाल तर चिठ्ठी दाखवा.

ओळखीचा फोन लावू नका. ‘आमदारसाहेबांच्या पीएशी बोला’ म्हणून मोबाइल पुढे करणारा माणूस मी पाहिला आहे. पीएने फोन उचलला, ‘कोण?’ म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर हेल्मेटबरोबर आरसा, नंबरप्लेट आणि पीयूसीसुद्धा तपासली गेली.

अंगाला हात लावू नका, हात झटकूही नका. सरकारी कामात बळाने अडथळा म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 353, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. पाचशेच्या दंडावरून सुरू झालेलं प्रकरण वर्षानुवर्षं तारखांवर जातं. आमच्या भागात पोरांच्या नोकऱ्या अशाच गेल्या आहेत.

उलट बाजूही सांगतो. चालत्या गाडीची किल्ली हिसकून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठेही दिलेला नाही. तरी कोणी किल्ली काढलीच तर झटापट करू नका. ‘साहेब, चावी द्या, मी कुठं जात नाही’ म्हणा, वेळ आणि जागा लक्षात ठेवा आणि तक्रार नंतर लेखी करा.

चालान आणि पावती

आता बहुतेक ठिकाणी मशीनवर ई-चालान होतं आणि मेसेज गाडीच्या नोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तिथं उभे असतानाच तीन गोष्टी पाहा: गाडी नंबर, कलम आणि जागा-वेळ. एमएच 32 च्या जागी 34 पडलं तर वर्ध्याच्या माणसाचा दंड चंद्रपूरच्या गाडीवर चढतो. जागेवर दुरुस्ती सोपी असते.

पैसे तिथंच भरायची सक्ती नाही. गुन्हा मान्य असेल आणि भरायचे असतील तर भरा, पण मशीनची पावती किंवा मेसेज हातात आल्याशिवाय हलू नका. मान्य नसेल तर ‘चालान करा साहेब, मी कोर्टात पाहतो’ एवढंच म्हणा. त्यावर कोणी रागावलं तरी तो तुमचा हक्क आहे.

‘कायले चालान करता, दोनशे घ्या’ हे वाक्य बरेचदा आपल्याच तोंडून आधी निघतं. मीही एकदा काढलं होतं. कोणत्या नाक्यावर ते सांगत नाही. दोनशे दिले, पावती नाही, आणि वीस किलोमीटरवर दुसऱ्या नाक्याने त्याच विझलेल्या टेललाइटसाठी पुन्हा थांबवलं. ‘मागं भरले’ म्हणालो. ‘पावती?’ खिशात होती ती फक्त पानटपरीची पुडी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवलं की संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064 आहे.

लायसन ठेवून घेतलं तर? काही गुन्ह्यांत, उदाहरणार्थ भरधाव चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं, कलम 206 खाली ते जप्त करून आरटीओकडे निलंबनासाठी पाठवता येतं. पण त्याच कलमात पोच देणं बंधनकारक आहे, आणि ती पोच दिलेल्या मुदतीपर्यंत लायसनच्या जागी चालते. पोच न घेता लायसन सोडून आलेला माणूस पुढचे दोन महिने ‘या साहेबाकडे, त्या साहेबाकडे’ फिरतो. गाडी अडकवायची तरतूद कलम 207 मध्ये आहे: लायसन नसणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं वगैरे. गाडी ठाण्यात जात असेल तर आत काय काय आहे ते कागदावर लिहून घ्या. जॅक, स्टेपनी, टेप, डिझेलचा काटा. फोटोही काढा.

फुंका म्हटलं तर

शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे कलम 185. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. याचं जागेवर चालान होत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. ‘थोडीशीच, मोहाची’ याला कायद्यात वेगळा माप नाही. मशीनला नवी नळी लावायला सांगा, आकडा स्वतः पाहा. आकडा मान्य नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी मागा. फुंकायला नकार देऊन मात्र काही साधत नाही.

विदर्भात याहून मोठा सापळा आहे. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली, त्यामुळे तिकडची माणसं गोंधळतात. नागपूर किंवा यवतमाळकडून लग्नाला येणारा पाहुणा डिक्कीत एखादी बाटली टाकतो, स्वतः थेंबही पीत नाही आणि वर्ध्याच्या हद्दीवर दारूबंदी कायद्याखाली अडकतो, गाडीही जप्त होते. पाहुण्यांना निमंत्रणपत्रिकेसोबतच हे सांगून ठेवा. झडती झालीच तर पंचनामा वाचून सही करा, समजत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं आहे. बाईची अंगझडती बाईच घेईल.

ट्रॅक्टर, पिकअप, रेती, बैल

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, आणि निम्म्या ट्रॉल्यांना नंबरच नसतो. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, पोलिसांसाठी नाही तर रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी. ट्रॉलीत वऱ्हाड नेऊ नका. काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की मालाच्या वाहनात माणसं का.

पिकअपवाल्यांसाठी चांगली बातमी: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं की 7,500 किलोच्या आतल्या हलक्या मालवाहू गाडीला एलएमव्हीचं, म्हणजे साध्या हलक्या वाहनाचं, लायसन चालतं. नाक्यावर कोणी वेगळं म्हणालं तर हे नम्रपणे सांगा.

रेती किंवा मुरूम असेल तर वाहतूक पास हवाच, आणि त्यावरची वेळ संपलेली नको. गाडी महसूलने पकडली तर विषय तहसीलदारांकडे जातो, तिथं वाहतूक शाखेतली ओळख काही कामाची नाही.

बैल नेत असाल तर बाजाराची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला जवळ ठेवा, सातबाराची प्रतही असू द्या. गोवंश हत्याबंदीचा कायदा 2015 पासून कडक झाला आहे. आणि गणवेश नसलेल्या टोळक्याने गाडी अडवली तर त्यांना कागद दाखवायला तुम्ही बांधील नाही, पण तिथं कायदा शिकवत बसू नका. काच वर करा, 112 लावा आणि पोलीस येईपर्यंत आतच थांबा.

मोबाइलवर रेकॉर्ड करावं का

करता येतं. वर्ध्यातल्याच एका प्रकरणात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो रद्द केला, कारण पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. तरी नाकासमोर मोबाइल धरून ‘लाइव्ह आहे साहेब’ म्हणणं वेगळं आणि फोन छातीशी धरून शांतपणे आवाज घेणं वेगळं. मी स्वतः दुसरं करतो.

घरी आल्यावर

‘आपले चालान थकीत आहे, खालील फाइल उघडा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर ती फाइल उघडू नका, बँकेतलं खातं साफ होतं. खरं संकेतस्थळ महाट्रॅफिकईचालान, शेवटी जीओव्ही डॉट इन. तिथं गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की फोटोसह चालान दिसतं, आणि चुकीच्या चालानची तक्रारही ऑनलाइन करता येते. फोटो नीट पाहा. तुम्ही त्या दिवशी गावात होता आणि गाडी समृद्धीवर दिसते आहे, असं असेल तर नंबर दुसऱ्याच कोणी लावला आहे. अशा वेळी आधी ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलिसाने स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चालान टाकलं असेल तर तक्रारीत ते आवर्जून लिहा. राज्याच्या वाहतूक पोलिसांनी जुलै 2025 मध्ये परिपत्रक काढून त्याला मनाई केली आहे.

थकीत चालानं साचली असतील तर राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते. तालुका कोर्टात जा, रांग असते, पण प्रकरण त्याच दिवशी मिटतं.

परवाच एक म्हातारे बाबा नोटीस घेऊन आले. सात चालानं, सगळी नागपुरातली, आणि बाबा गेल्या दिवाळीपासून गावाबाहेर पडलेले नाहीत. गाडी चार वर्षांपूर्वी भाच्याला विकली, पैसे घेतले, चहा झाला. फॉर्म 29 आणि 30 भरलेच नाहीत, त्यामुळे आरसीवर अजून बाबाच. मी दोन्ही फॉर्म छापून दिले आणि भाच्याचा नंबर लावून फोन बाबांच्या हातात दिला.